गेलो होतो म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे : वाचकांचे इंग्रजीचे प्रश्न

यावेळी टेन्सचेच प्रश्न जास्त आलेत, तेव्हा स्पेलिंगवाले आणि ‘अ’, ‘ॲन’, ‘द’वाले पुढच्या अंकात घेऊया. काहींनी पत्राने विचारलंय, काहींनी व्हॉट्सॲपवर, एका ताईंनी भलीमोठी व्हॉइस नोट पाठवलीय, ती ऐकून जमेल तेवढी थोडक्यात उतरवलीय.

बाई, नमस्कार. मी एका ऑफिसात क्लार्क आहे. साहेबांना ईमेल लिहिली, ‘आय हॅड सेंट द फाईल ऑन मंडे’. त्यांनी ‘हॅड’ उडवून नुसतं ‘आय सेंट’ ठेवलं. काम सोमवारीच पूर्ण झालं होतं, मग हॅड का नको? (एक वाचक, पेडणे)

साहेब बरोबर आहेत. आणि तुम्ही असं का लिहिलंत तेही कळतंय, कारण डोक्यात आधी मराठी वाक्य आलं असणार, ‘फाईल मी सोमवारी पाठवली होती’, आणि त्या ‘होती’ची जागा हॅडने भरून टाकली. शाळेत आपल्याला शिकवलेलंच असं असतं ना, पूर्ण भूतकाळ म्हणजे पास्ट परफेक्ट, लावा हॅड.

पण मराठीत आपण ‘होतो-होती’ किती सढळ हाताने वापरतो बघा. ‘काल म्हापशाला गेलो होतो’, ‘चवथीला सगळे घरी आले होते’, ‘तुला सांगितलं होतं ना’. गेलो, परत आलो, विषय झाला, एवढंच सांगायचं असतं. त्याच्या पुढेमागे दुसरं काही घडलेलं असायलाच पाहिजे असं नाही. इंग्रजीत मात्र हॅडला भूतकाळातलाच दुसरा एखादा क्षण लागतो आणि हॅडवाली गोष्ट त्याच्याही आधीची असावी लागते. तो दुसरा क्षण वाक्यात नाही, आगेमागेही कुठे नाही, तर वाचणारा वाट बघत बसतो की बरं, पाठवली होती, मग पुढे काय झालं? ‘आय हॅड गॉन टू म्हापसा यस्टर्डे’ एवढं बोलून थांबलात तर समोरच्याला वाटतं गोष्ट अर्धीच सांगितली.

आता रायबंदरची फेरीबोट घ्या. ‘व्हेन वी रीच्ड द जेटी, द फेरी हॅड लेफ्ट.’ म्हणजे आम्ही पोचलो तेव्हा फेरी चोडणच्या वाटेला लागलेली, आम्ही धक्क्यावर हात चोळत. आणि हॅड काढून ‘व्हेन वी रीच्ड द जेटी, द फेरी लेफ्ट’ असं लिहिलं तर उलटंच, आम्ही पोचलो आणि मग फेरी सुटली, जणू आमच्यासाठीच थांबली होती. इथे हॅडला खरं काम आहे, दोन गोष्टींतली आधी कुठली ते तो सांगतो. जिथे ‘बिफोर’ किंवा ‘आफ्टर’ने ते आधीच सांगून टाकलंय तिथे हॅड नसला तरी चालतो, ‘आय लॉक्ड द ऑफिस आफ्टर एव्हरीबडी लेफ्ट’ अगदी बरोबर आहे, ‘हॅड लेफ्ट’ म्हटलं तरी बरोबर. तुमच्याच ईमेलमध्ये ‘व्हेन द बँक कॉल्ड ऑन वेन्सडे, आय हॅड ऑलरेडी सेंट द फाईल’ असं असतं तर साहेबांनी हात लावला नसता.

साहेबांचा विषय निघालाय तर एक अजून. काही मागायचं असलं तर ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड टेक फ्रायडे ऑफ’ असं लिहून बघा. वॉज बघून दचकू नका, गोष्ट आत्ताचीच आहे, पण एक पाऊल मागे सरकून बोललं की नम्र वाटतं. आपणही रजा मागायला केबिनमध्ये गेल्यावर ‘साहेब, जरा विचारायचं होतं’ असंच म्हणतो की. विचारायचं तर आत्ता असतं.

बाई, आमचं हडफड्याला होमस्टे आहे. गेस्टनी किती वर्षं राहता विचारलं की मी सांगते ‘आय लिव्ह हियर सिन्स नाइन्टीन नाइन्टी एट’. त्यांना कळतं हो, पण माझी मुलगी चूक काढते. परवा एकीला म्हटलं ‘आय हॅव गॉन टू दूधसागर मेनी टाइम्स’, तर ती गालातल्या गालात हसली. इतिहास सांगतानाही माझा हॅव आणि हॅडचा घोळ होतो. (व्हॉइस नोटवाल्या ताई, हडफडे)

मुलगी बरोबर म्हणते, पण तुम्ही बोलायचं थांबू नका हं. मराठीत ‘मी १९९८पासून इथे राहते’ हा साधा वर्तमानकाळ पुरतो, ‘पासून’ने बाकीचं काम होतं. इंग्रजीत मागे कधीतरी सुरू झालेली आणि अजून चालू असलेली गोष्ट सांगायला ‘हॅव’ लागतोच, ‘आय हॅव लिव्ड हियर सिन्स नाइन्टीन नाइन्टी एट’. ‘हॅव बीन लिव्हिंग’ म्हटलंत तरी चालेल. सुरुवात कधीची ते सांगायला ‘सिन्स’, किती काळ ते सांगायला ‘फॉर’. ‘सिन्स ट्वेंटी इयर्स’ म्हणायची सवय मात्र सोडा, ती आपल्याकडे भल्याभल्यांना आहे.

दूधसागरचं असं की ‘गॉन’ म्हणजे गेलेली आणि अजून तिथेच असलेली. ‘माय हजबंड हॅज गॉन टू म्हापसा’, म्हणजे ते आत्ता घरात नाहीत. तुम्ही तर तिच्यासमोर चहाचा ट्रे घेऊन उभ्या. जाऊन परत आलो असेल तर ‘आय हॅव बीन टू दूधसागर मेनी टाइम्स’. आणि कधी गेलेलात ते सांगितलंत की हॅव गेलाच, ‘आय वेंट देअर इन ऑक्टोबर’. काल, गेल्या महिन्यात, १९९८ साली, लहानपणी असा संपून गेलेला काळ वाक्यात आला की इंग्रजी हॅवला आत येऊ देत नाही. ‘आय हॅव सीन हिम यस्टर्डे’ हे म्हणून चूक. मराठीत ‘मी त्याला काल पाहिलंय’ म्हटलं तर कुणाला खटकत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ती चूक ऐकूच येत नाही.

इतिहासाला हेच लावून बघा. ‘गोवा बिकेम अ स्टेट इन नाइन्टीन एटी सेव्हन’, ३० मे १९८७ची घटना, झाली ती झाली. पण ‘गोवा हॅज बीन अ स्टेट सिन्स नाइन्टीन एटी सेव्हन’, कारण अजून आहेच. आता पोर्तुगीज. ‘द पोर्तुगीज रूल्ड गोवा फॉर मोअर दॅन फोर हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स’. इथे ‘फॉर’ आहे म्हणून हॅव लावायचा मोह होतो, तो आवरा, कारण ‘द पोर्तुगीज हॅव रूल्ड गोवा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल पणजीत अजून त्यांचा गव्हर्नर बसलाय. १९ डिसेंबर १९६१ला ते प्रकरण संपलं, तेव्हा साधा पास्ट. (साडेचारशे वर्षं हे तिसवाडीकडचं गणित झालं, आमच्या डिचोली-पेडण्याकडे ते अठराव्या शतकात आले, पण गेस्टना एवढं सांगत बसलात तर नाश्ता गार होईल.)

हा फरक माणसांच्या बाबतीत तर फारच जपावा लागतो. ‘माय ग्रँडमदर हॅज लिव्ड इन धिस हाऊस फॉर सिक्स्टी इयर्स’ म्हटलंत तर गेस्ट विचारील, कुठे आहेत, भेटता येईल का? आजी जाऊन वर्षं झाली असतील तर ‘लिव्ड’च पाहिजे. एका हॅजवर आजी हयात की नाही ते ठरतं.

नाश्त्यावरून आठवलं. सकाळी दहा वाजता ‘हॅव यू हॅड ब्रेकफास्ट?’ विचारा, कारण अजून खायची वेळ आहे, नसेल खाल्लं तर तुम्ही द्याल. दुपारी चारला तेच विचारायचं तर ‘डिड यू हॅव ब्रेकफास्ट?’, ती वेळ टळून गेलेली असते. मात्र गेस्ट अमेरिकन असला तर तो सकाळीसुद्धा ‘डिड यू ईट यट?’ म्हणेल, त्यांच्याकडे चालतं. ब्रिटिश तिथे बहुतेक ‘हॅव यू ईटन?’ म्हणणार. दोघांनाही पाव-भाजी सारखीच वाढा.

व्हॉइस नोटवाल्या ताईंनी शेवटी एक विचारलंय, ‘आय हॅव पेंटेड द रूम’ आणि ‘आय हॅव बीन पेंटिंग द रूम’ यात काय फरक. पहिल्यात खोली तयार, बुकिंग घ्यायला हरकत नाही. दुसऱ्यात तुम्ही सकाळपासून त्याच कामात आहात, हाताला रंग लागलेला, खोली पूर्ण झाली की नाही ते सांगितलेलंच नाही. गेस्टला खोली पाहिजे असेल तर पहिलं वाक्य खरं असल्याशिवाय बोलू नका.

पेपरात पूल कालच उघडलेला असतो, पण हेडलाईनमध्ये ‘सीएम इनॉगरेट्स ब्रिज’ असं वर्तमानात का लिहितात? (एक आजोबा, मडगाव)

हेडलाईनची ती रीतच आहे. वर्तमानकाळात बातमी ताजी वाटते आणि अक्षरंही कमी लागतात. खालच्या पहिल्याच ओळीत बघा, ‘इनॉगरेटेड’ झालेलं असतं. नातवाने निबंधात तसं लिहिलं तर मात्र मार्क जाणार.

मॅडम, मी हॉटेलात रिसेप्शनला आहे. ‘वी आर हॅविंग फोर्टी रूम्स’ म्हटलं की आमचे मॅनेजर चिडतात. मग ‘दे आर हॅविंग लंच’ कसं चालतं? (वास्को)

चिडायचं कारण नाही, पण मुद्दा त्यांचा बरोबर आहे. ‘आयएनजी’वालं रूप कशासाठी असतं बघा. ‘शी क्रॉस्ड द रिव्हर’ म्हणजे तुम्ही धक्क्यावर उभं राहून फेरी या काठावरून त्या काठाला लागेपर्यंत सगळी बघितली. ‘शी वॉज क्रॉसिंग द रिव्हर’ म्हणजे तुम्ही फेरीतच आहात, मधोमध, दोन्ही काठ लांब. आता चाळीस खोल्या ‘असणं’ ह्यात मधोमध कुठे आलं? खोल्या आहेत किंवा नाहीत. म्हणून ‘वी हॅव फोर्टी रूम्स’. जेवण मात्र सुरू होतं, चालतं, संपतं, त्याच्या मध्ये असता येतं, म्हणून ‘दे आर हॅविंग लंच’. शब्द एकच असला तरी इथे हॅवचा अर्थ खाणं आहे.

अशी बाकीची क्रियापदं म्हणजे नो, बिलीव्ह, ओन, बिलाँग, नीड, अंडरस्टँड. ‘आय ॲम नोइंग हिम’ नाही, ‘आय नो हिम’. थिंकचं दोन्ही चालतं, मत सांगायचं असेल तर ‘आय थिंक द रूम इज टू स्मॉल’, डोक्यात विचार चालू असेल तर ‘आय ॲम थिंकिंग अबाउट इट’. मॅकडोनाल्ड्सची ‘आय ॲम लव्हिन इट’ ही जाहिरात दाखवून भांडायला याल, तर ती लक्षात राहावी म्हणूनच तशी वाकवलीय आणि तुम्हाला आठवली म्हणजे त्यांचं काम झालं.

रिसेप्शनवर आहात म्हणून एक सांगते. गेस्टला ‘व्हेअर आर यू स्टेइंग?’ विचारलं की तो हॉटेलचं नाव सांगेल, कारण तो मुक्काम तात्पुरता. आपण मात्र जन्मभर वास्कोत राहून ‘आय ॲम स्टेइंग इन वास्को’ म्हणतो. तुम्ही वास्कोत ‘लिव्ह’ करता.

बाई, मी बारावीला आहे. ‘द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो’ असं पुस्तकात आहे. उद्याची गोष्ट मग विल का नाही? आणि माझं ‘व्हेन आय विल रीच, आय विल कॉल यू’ टीचरने लाल पेनने खोडलं. (साखळी)

अरे, मराठीत तूही ‘गाडी उद्या सहाला सुटते’ असंच म्हणतोस ना? ‘परीक्षा सोमवारी सुरू होते’? टाईमटेबलात छापून आलेलं असतं ते इंग्रजीतही साध्या वर्तमानात जातं. हे गाड्या, बस, परीक्षा, सिनेमाचे शो असल्यांपुरतं. ‘आय ईट पिझ्झा टुमॉरो’ नको म्हणू.

तुझा स्वतःचा बेत ठरलाय, मित्राशी बोलणं झालंय, तर ‘आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो’, आपलं ‘उद्या मडगावला चाललोय’ असतं ना, तसंच. नुसतं मनात ठरवलंयस तर ‘आय ॲम गोइंग टू बाय अ बाइक’, पैसे कुठून येणार तो प्रश्न वेगळा. डोळ्यासमोर खूण दिसतेय, आभाळ काळं झालंय, वारा सुटलाय, तर ‘इट इज गोइंग टू रेन’. आणि त्याच क्षणी ठरलं तर विल, फोन वाजला आणि तू म्हणालास ‘आय विल गेट इट’. ह्या चारांमधल्या भिंती काही पक्क्या नाहीत, बऱ्याच ठिकाणी दोन दोन चालतात, तेव्हा परीक्षेत असल्या वाक्यावर अर्धा तास घालवू नकोस.

लाल पेनचं मात्र पक्कं आहे. ‘पोचेन तेव्हा फोन करेन’, मराठीत दोन्हीकडे भविष्यकाळ येतो. इंग्रजीत व्हेन, इफ, अंटिल, बिफोर, ॲज सून ॲज यांच्या मागून येणाऱ्या अशा तुकड्यात विल घालायचं नाही, ‘व्हेन आय रीच, आय विल कॉल यू’. भविष्य एकदा मुख्य वाक्यात सांगून झालं, तेवढं पुरे. पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ बरोबर आहे, कारण तिथे ‘कधी येईल’ हीच माहीत नसलेली गोष्ट आहे. ‘येईल तेव्हा’ आणि ‘कधी येईल’ हे दोन्ही मनातल्या मनात म्हणून बघ, दुसरं बसलं तर विल ठेव.

इंग्रजीत टेन्स नक्की किती? आम्ही बारा शिकलो, पुतण्या कॉलेजात दोनच शिकून आलाय. (फोंडा)

दोघांचंही खरं आहे, मोजायची पद्धत वेगळी. क्रियापदाचं रूप बघितलं तर इंग्रजीत काळ दोनच, ‘वर्क’ आणि ‘वर्क्ड’. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही, ‘विल’ हा कॅन, मे, मस्टच्या रांगेतला. आपल्या ‘जाईन’सारखी सोय त्यांच्याकडे नाही. बाकी पूर्ण झालं, चालू आहे, हा ॲस्पेक्टचा भाग, तो काळापेक्षा वेगळा धरतात. तीन काळ गुणिले चार तऱ्हा केल्या की तुमचे बारा होतात. मराठी व्याकरणातही साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीती आहेच. त्यातला ‘रीती’ इंग्रजीच्या बारांत वेगळा दिसत नाही, ‘मी रोज बाजारात जात असते’ हे तिकडे साध्या ‘आय गो टू द मार्केट एव्हरी डे’मध्येच बसतं. म्हणून तर त्या साध्या प्रेझेंटमध्ये ‘आत्ता’ फार कमी वेळा असतो. आणि ‘आय विल हॅव बीन टीचिंग’ हे पाठ करून घेतलेलं बारावं रूप, ते शिकवण्यापलीकडे मला क्वचितच लागलंय.

वेर्ण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिला. रोज काय करता विचारल्यावर म्हटलं ‘आय यूज्ड टू वेक अप ॲट फाईव्ह अँड आय यूज्ड टू वर्क व्हेरी हार्ड’. त्यांनी विचारलं, ‘अँड नाऊ?’ मला काहीच सुचलं नाही. (कुठ्ठाळी)

त्यांनी विचारलं ते साहजिकच होतं, कारण तुम्ही सांगितलंत की मी पूर्वी पाचला उठायचो, पूर्वी खूप मेहनत करायचो. यूज्ड टू म्हणजे आपलं ‘करायचो’, आता ती सवय सुटलेली. आपल्याकडे बरेच जण त्याला ‘रोज करतो’ समजून वापरतात. आत्ताची सवय सांगायला काहीच लागत नाही, ‘आय वेक अप ॲट फाईव्ह’. अगदी जोर द्यायचा असेल तर ‘युज्वली’ घाला. ‘यूज टू’ असं वर्तमानातलं रूप तयार करू नका, ते नाहीच. ‘आय ॲम यूज्ड टू वेकिंग अप अर्ली’ हे आणखी तिसरंच, म्हणजे मला लवकर उठायची सवय आहे, आणि इंटरव्ह्यूत तुम्हाला बहुतेक हेच म्हणायचं होतं.

जुन्या आठवणी सांगताना यूज्ड टूच्या जागी ‘वुड’ पण येतो, ‘एव्हरी समर वी वुड गो टू माय अंकल्स हाऊस’. पण तो पुन्हा पुन्हा केलेल्या कामांपुरता. ‘मी साखळीला राहायचो’ला ‘आय वुड लिव्ह इन साखळी’ चालत नाही, तिथे यूज्ड टूच. पुढच्या वेळी कुणी ‘अँड नाऊ?’ विचारलं तर ‘आय स्टिल डू’ म्हणा, दोन सेकंदात निभावून जाईल.